तिखट कान आणि भोवतीचा गलका

१. जास्त ताकदीचा रेडिओ घेतला तर स्टेशन लागेल का?

रेडिओचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. "आमच्या घरी वडिलांच्या वेळचा सेट होता. त्यावर रात्री सिलोन लागायचं, दिवसा पुणे आणि सांगली दोन्ही स्वच्छ. आता नवा सेट आणला, तर बातम्यांपेक्षा खरखरच जास्त. पूर्वीसारखे ताकदीचे सेट हल्ली निघत नाहीत का?"

निघतात. आज दुकानात मिळणारा साधा सेट क्षीण लहरी पकडण्यात त्या जुन्या सेटच्या फारसा मागे नसतो, आणि जरा बऱ्यापैकी सेट तर पुढेच असतो. बदललंय ते सेटच्या भोवतीचं जग. स्टेशन नीट ऐकू येईल की नाही, हे ठरतं स्टेशनची लहर भोवतीच्या खरखरीच्या किती वर आहे यावर. लहर स्वतः किती जोरदार किंवा किती क्षीण आहे, याला त्या मानाने दुय्यम महत्त्व.

मंगल कार्यालयात पंगत बसली आहे असं समजा. वाढप्यांची हाकाहाक, मुलांचा आरडाओरडा, खाली वाजणारा बँड. शेजारी बसलेले मामा तुमच्याशी बोलताहेत, पण त्यांना तुमचं उत्तर ऐकू जात नाही. म्हणून ते कानातल्या श्रवणयंत्राचा आवाज वाढवतात. तुमचा आवाज वाढतो, पण त्याच पटीत बँडही वाढतो. दोन मिनिटांत मामा यंत्र काढून खिशात टाकतात. तेच मामा दुपारी घरात निवांत बसलेले असतील, तर तेच यंत्र त्यांना स्वयंपाकघरातली कुजबुजसुद्धा ऐकवतं. यंत्र दोन्हीकडे तितकंच चांगलं. फरक भोवतीच्या गलक्याचा.

ग्राहकयंत्र, म्हणजे आपला रिसीव्हर, किती तिखट कानाचं आहे याला संवेदनशीलता म्हणतात. ती केव्हा कामाला येते आणि केव्हा अगदी वाया जाते, ते या प्रकरणात पाहू.

२. खोक्यावरचा आकडा काय सांगतो?

चांगल्या सेटच्या माहितीपत्रकात "संवेदनशीलता : २ मायक्रोव्होल्ट" असं काहीतरी छापलेलं असतं. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. टॉर्चचा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून हे दाब किती क्षुल्लक आहेत ते कळेल. एवढ्याशा दाबावर सेट चालतो, असा या आकड्याचा अर्थ. आकडा जितका लहान, तितका कान तिखट.

मग आकडा शून्यापर्यंत का नेत नाहीत? क्षीण लहर दहा लाख पट मोठी करणं आज अजिबात अवघड नाही, थोड्या रुपयांच्या चिपमध्ये ते होतं. अडचण अशी की लहरीबरोबर खरखरही दहा लाख पट मोठी होते. म्हणून संवेदनशीलतेची व्याख्याच खरखरीला धरून केलेली आहे : सेटच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा ठरावीक पट जास्त आवाज मिळण्यासाठी एरियलच्या टोकांना किमान किती दाब लागतो, तो आकडा म्हणजे संवेदनशीलता.

ही 'ठरावीक पट' डेसिबेलमध्ये सांगतात. शक्ती १० पट असेल तर १० डेसिबेल, १०० पट असेल तर २०, १००० पट असेल तर ३०. बोलणं कसंबसं कळायला आवाज खरखरीच्या १० पट असला तरी भागतं. गाणं गोड लागायला मात्र किमान १००० पट हवा. त्यामुळे "२ मायक्रोव्होल्ट" एवढंच सांगणारा विक्रेता अर्धीच माहिती देत असतो. किती डेसिबेलसाठी, हे विचारायला हवं.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते. हा आकडा प्रयोगशाळेत काढलेला असतो. एरियल काढून टाकतात आणि त्या जागी लहर तयार करणारं यंत्र झाकलेल्या तारेने जोडतात. बाहेरची कुठलीही खरखर आत येऊच शकत नाही. तुमच्या घरात काय घडेल, याबद्दल तो आकडा अवाक्षर काढत नाही.

३. सेटची स्वतःची खरखर

सगळं बाहेरचं बंद केलं तरी सेटमध्ये एक बारीक सळसळ उरतेच. ती येते उष्णतेतून. तारेतले, रोधातले, ट्रान्झिस्टरमधले इलेक्ट्रॉन कधी स्थिर नसतात. उष्णतेमुळे ते अखंड इकडेतिकडे धडपडत असतात आणि त्या धडपडीचा अतिसूक्ष्म विद्युतदाब तारेच्या टोकांना मिळतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला आणि तिथेच काम करणाऱ्या हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. दोघेही मूळचे स्वीडनचे.

या गणितातली सुंदर गोष्ट ही, की खरखरीची शक्ती फक्त दोन गोष्टींवर ठरते. एक तापमान, दुसरी पट्टारुंदी. सेट एका वेळी कंप्रतेचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा, जेवढा पट्टा आत घेतो, ती त्याची पट्टारुंदी. तार तांब्याची आहे की आणखी कशाची, याने काही फरक पडत नाही.

छोटा हिशेब करू. आपल्या नेहमीच्या तापमानाला मध्यम लहरींवरचं एक स्टेशन ऐकायला सुमारे १० किलोहर्ट्झचा पट्टा लागतो. एवढ्या पट्ट्यात उष्णतेची खरखर किती? एका वॅटचे १ वर १७ शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातले ४ तुकडे. पट्टा दुप्पट केला की खरखर दुप्पट, निम्मा केला की निम्मी. कट्ट-कडकट्ट करणाऱ्या मोर्स संदेशाला ५०० हर्ट्झचा पट्टा पुरतो, तिथे खरखर विसाव्या हिश्शावर येते. फार दूरचा क्षीण मोर्स संदेश ऐकू येतो आणि त्याच ताकदीचं भाषण येत नाही, याचं मोठं कारण हेच.

उष्णतेच्या या किमान खरखरीत सेट स्वतःची थोडी भर घालतो. ती भर मुख्यतः पहिल्याच प्रवर्धकात, म्हणजे एरियलला लागून असलेल्या लहर वाढवणाऱ्या मंडलात, ठरते. लहर तिथे सर्वांत क्षीण असते. तिथे मिसळलेली घाण पुढे कोणी काढू शकत नाही, आणि तिथे लहर एकदा चांगली मोठी झाली की पुढच्या मंडलांची खरखर नगण्य ठरते. हॅरल्ड फ्रिस यांनी १९४४ साली हे सूत्रात बसवलं. ज्यांच्या घराच्या गच्चीवर दूरदर्शनचा जुना काट्यांचा अँटेना होता, त्यांना हे सूत्र अनुभवाने ठाऊक आहे. बूस्टर वर अँटेनाच्या दांड्यावर बसवला तर चित्र सुधारायचं. खाली टीव्हीच्या मागे बसवला तर चित्रातल्या मुंग्या तेवढ्या ठळक व्हायच्या.

४. आभाळातली खरखर

आता एरियल परत जोडू. सेटच्या स्वतःच्या सळसळीवर एकदम मोठी खरखर चढते. तिचा सर्वांत जुना उगम वीज.

वीज कडाडते तेव्हा हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणात वाहतो आणि रेडिओलहरींचा प्रचंड झोत निघतो. उपग्रहांवरच्या मोजणीनुसार पृथ्वीवर दर सेकंदाला सरासरी ४५च्या आसपास विजा चमकतात, आणि त्यातल्या बहुसंख्य उष्ण कटिबंधातल्या जमिनीवर. वीज खालच्या कंप्रतांवर सर्वांत जास्त आवाज करते. दिवसा वातावरणाचा आयनांनी भरलेला खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू येऊ लागतात. त्याच वाटेने शेकडो किलोमीटरवरच्या वादळांची कडकडही येते. वैशाख संपत आला की मध्यम लहरींवर रात्री जे कडकड-चर्र ऐकू येतं, ते दूर कुठेतरी वळवाचा पाऊस पडत असल्याचं चिन्ह असतं. त्यावर सेट बदलणं हा उपाय होऊच शकत नाही.

विजेच्या या खरखरीचा शोध घेताना खगोलशास्त्राची एक नवी शाखा जन्माला आली. अटलांटिकपार रेडिओ-टेलिफोनच्या संभाषणात खरखर का येते, हे शोधायचं काम बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्यावर सोपवलं. त्याने न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे मोटारीच्या चाकांवर फिरणारा एक लांबलचक अँटेना उभारला आणि २०.५ मेगाहर्ट्झवर महिनोन्‌महिने खरखर नोंदवली. त्याला तीन प्रकार सापडले : जवळच्या विजांची कडकड, दूरच्या विजांची चरचर, आणि एक सतत चालणारी मंद सळसळ. ही सळसळ रोज वाढे आणि ओसरे, पण २४ तासांनी नाही, २३ तास ५६ मिनिटांनी. हा काळ सूर्याचा नाही, ताऱ्यांचा. तारे रोज ४ मिनिटं लवकर उगवतात. सळसळ आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून, धनू राशीच्या दिशेने येत होती. १९३३ साली जान्स्कीने हे जाहीर केलं. टेलिफोनवाल्यांच्या लेखी ती खरखर होती, खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी तोच संदेश ठरला. आज आकाशातल्या रेडिओस्रोतांची तेजस्विता 'जान्स्की' याच एककात मोजतात.

५. माणसाने केलेली खरखर

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, कारण जुना सेट आणि नवा सेट यांच्या मधल्या काळात याच खरखरीने आपली घरं भरली.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने माणसाने केलेल्या खरखरीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. उष्णतेच्या किमान खरखरीच्या ती किती पट असते, हे त्यांत दिलेलं असतं. निवासी वस्तीत १ मेगाहर्ट्झला, म्हणजे मध्यम लहरींच्या पट्ट्यात, ती सुमारे पावणेदोन कोटी पट. १० मेगाहर्ट्झला, लघुलहरींच्या पट्ट्यात, सुमारे ३० हजार पट. १०० मेगाहर्ट्झला, एफएमच्या पट्ट्यात, सुमारे ५० पट. आणि हे आकडे काही दशकांपूर्वीच्या मोजणीवर आधारलेले आहेत, एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर यायच्या आधीच्या.

आता या आकड्यांवरून सेटची किंमत करू. समजा एक सेट इतका सुमार आहे, की तो स्वतःची खरखर किमान खरखरीच्या १०० पट करतो. दुसरा सेट निर्दोष, तो काहीच भर घालत नाही. दोन्ही सेटना एकच भरपूर लांबीचा एरियल जोडून निवासी वस्तीत मध्यम लहरींवर लावले. बाहेरची खरखर पावणेदोन कोटी, सुमार सेटची भर १००. म्हणजे निर्दोष सेट घेऊन तुमचा फायदा झाला एकूण खरखरीच्या पावणेदोन लाखाव्या भागाएवढा. कोणत्याही कानाला हा फरक कळणार नाही. हेच दोन सेट १०० मेगाहर्ट्झवर लावले, तर बाहेरची ५० आणि सेटची १००. इथे मात्र सेट बदलल्याचं चीज होतं.

एक अपवाद सांगायला हवा. खिशात मावणाऱ्या सेटच्या आतली फेराइटची कांडी फार थोडी लहर गोळा करते. तिच्यातून बाहेरची खरखरही फार थोडी येते. मळ्यातल्या घरात, भर दुपारी, असा सेट स्वतःच्याच सळसळीवर अडकतो. तिथे पाच-दहा मीटर तार झाडावर टाकली तर स्टेशन खरोखर उघडतं. शहरातल्या सदनिकेत तीच तार टाकली तर आधी शेजाऱ्यांचे चार्जर ऐकू येतात.

हे चार्जर आणि दिवे नक्की करतात काय? जुना पिवळा बल्ब म्हणजे तापलेली तार, रेडिओला त्याचा काही त्रास नव्हता. एलईडी दिव्याला मात्र कमी दाबाची एकदिश वीज लागते. ती मिळवण्यासाठी दिव्याच्या बुडात एक छोटं मंडल असतं. ते २३० व्होल्टचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतं. समजा ते ६६ किलोहर्ट्झने चालू-बंद होतं. असा झटक्याचा प्रवाह फक्त ६६ वर थांबत नाही, त्याच्या प्रत्येक पटीवर लहर सोडतो : १३२, १९८, २६४... बारावी पट ७९२ किलोहर्ट्झ. आकाशवाणी पुण्याची मध्यम लहरींवरची जागा हीच. या लहरी अडवणारं छोटं वेटोळं आणि संधारित्र मंडलात घालता येतं, चांगल्या दिव्यात ते असतं. दोन पैसे वाचवायला ते वगळलं, की लहरी घरातल्या वायरिंगवर चढतात आणि सगळं वायरिंगच प्रक्षेपकाचा एरियल होतं.

खरखरीचा उगम कानाने ओळखता येतो. त्यासाठी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या आणि मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा. एकसारखी मंद सळसळ असेल तर ती उष्णतेची, सेटचीच. अधूनमधून कडकड असेल तर वीज. 'घर्रर्र' असा सलग जाडा आवाज असेल तर तो बहुधा सेकंदाला १०० वेळा येणारा झटका असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्या प्रत्येक आवर्तनात दाब दोनदा शिखर गाठतो, म्हणून १००. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मंद करता येणारा दिवा, किंवा रस्त्यावरच्या खांबावरची ठिणगी यांचा आवाज असा येतो. काटा फिरवताना ठरावीक अंतरावर पुन्हापुन्हा लागणारी भुणभुण म्हणजे चार्जर किंवा एलईडी. मिक्सरची चरचर तर कुणालाही ओळखता येते.

आता सेट हातात घेऊन घरभर हिंडा. दिव्यांजवळ, टीव्हीजवळ, इंटरनेटच्या राउटरजवळ, इन्व्हर्टरजवळ न्या. मग घराचं मुख्य बटण दोन मिनिटं बंद करा. खरखर पडली तर गुन्हेगार घरातच आहे. एकेक बटण चालू करत गेलात की सापडतो. खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येते आहे.

६. जिथे तिखट कानाचं चीज होतं

कंप्रता वाढत गेली की विजा, ठिणग्या, आकाशगंगेची सळसळ, सगळंच ओसरत जातं. काही शे मेगाहर्ट्झच्या पुढे, एरियल आकाशाकडे वळवला असेल तर, बाहेर विलक्षण शांतता असते. तिथे रिसीव्हरची स्वतःची खरखर निर्णायक ठरते.

घरावरच्या डीटीएच तबकडीचं उदाहरण घ्या. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आहे आणि तबकडी जेमतेम हातभर रुंदीची. तबकडीच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबी नावाच्या डबीत पहिला प्रवर्धक असतो, तोही फार कमी खरखर करणारा. तो तिथेच बसवतात, कारण खाली येणाऱ्या केबलमध्ये लहर आधी निम्मी झाली असती, तर नंतर कितीही वाढवून काही मिळालं नसतं. तबकडी जमिनीकडे वळवली तर तापलेल्या जमिनीची खरखर येईल. आकाश मात्र थंड आहे. किती थंड? १९६४ साली होल्मडेललाच आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यांच्या कर्ण्यासारख्या अँटेनात काही केल्या न जाणारी खरखर सापडली. अँटेनात राहणारी कबुतरं हाकलली, त्यांची घाण काढली, तरी ती उरली. ती साऱ्या दिशांनी सारखीच येत होती आणि तिचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर फक्त सुमारे ३ अंश होतं. विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ती ऊब होती. १९७८ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे तिखट कान आणि शांत परिसर यांचं नातं पाहायचं असेल, तर जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जावं. नारायणगावजवळच्या या गावात टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. मीटरभराच्या आसपास लांबीच्या लहरी पकडायच्या असल्याने तबकडीला सलग पत्रा लागत नाही, बारीक तारांची जाळी पुरते. वारा तिच्यातून निघून जातो आणि सांगाडा हलका ठेवता येतो. भारतीय अभियंत्यांची ही करामत मला फार मोलाची वाटते.

जागा निवडताना पाहिलेल्या गोष्टींत एक होती शांतता. मोठ्या शहरापासून अंतर, भोवती डोंगर, आणि दुर्बिणीला हव्या त्या कंप्रतांवर माणसाने केलेली खरखर कमी. ही शांतता आयती टिकत नाही. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आखणी करताना गाड्यांमुळे या दुर्बिणीला होणाऱ्या व्यत्ययाचा प्रश्न पुढे आला, तो याचमुळे.

तिखट कान शांत जागी ठेवल्यावर काय ऐकू येतं, याचा एक पुरावा १९ ऑक्टोबर २०१६ला मिळाला. युरोपीय अवकाश संस्थेचं शियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा छोटा प्रक्षेपक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी ऐकावा म्हणून बसवलेला होता, पृथ्वीसाठी नव्हे. तरीही साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारी ती लहर खोडदला, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास, अतिशय अरुंद पट्टी घेऊन पकडली गेली. यान उतरण्याच्या थोडंसं आधी ती लहर थांबली. यान मंगळावर आदळलं होतं.

अशा कानाला लहानसा व्यत्ययही फसवतो. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर कित्येक वर्षं काही विचित्र झटके नोंदले जात होते. २०१५ साली उलगडा झाला : वेधशाळेच्या आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार तो बंद व्हायच्या आधी उघडलं, की त्या क्षणी लहर बाहेर पडत होती.

७. शेजारचं जोरदार स्टेशन

खरखर आणि व्यत्यय यांत फरक करायला हवा. खरखरीला काही क्रम नसतो. व्यत्यय म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी नीट ठरलेली लहर, जी आपल्याला नको आहे. तिथे तिखट कान कधीकधी उलटा बाधतो.

प्रक्षेपकाच्या जवळ राहणाऱ्यांना हे माहीत असतं. लहर इतकी जोरात येते, की पहिलाच प्रवर्धक तिच्या दणक्याने वाकतो आणि आलेल्या लहरींची आपसांत भेसळ करू लागतो. मुंबईकरांना आकाशवाणीच्या ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ या दोन जागा वर्षानुवर्षं ओळखीच्या आहेत. प्रक्षेपकांजवळ, मालाड भागात, एखाद्या अतिसंवेदनशील सेटमध्ये या दोन्हींची भेसळ झाली, तर त्यांची बेरीज १६०२ वर तिसरंच स्टेशन असल्याचा भास होईल. तिथे कुणीही ते पाठवत नाही, ते सेटच्या आत जन्मतं.

म्हणूनच जुन्या सेटच्या मागे 'लोकल' आणि 'डीएक्स' असं लिहिलेलं एक बटण असे. डीएक्स म्हणजे दूरचं. बटण लोकलवर केलं की सेटची संवेदनशीलता मुद्दाम कमी होते. पुष्कळांना वाटे, डीएक्सवर ठेवलं म्हणजे सेट पूर्ण ताकदीने चालतो, मग लोकल कशाला? प्रक्षेपकाजवळ लोकल लावल्यावर आवाज स्वच्छ व्हायचा, कारण मंडलावरचा ताण उतरे. कान थोडा बंद केल्यावर जास्त ऐकू येणं, हे रेडिओत रोजचं आहे.

८. मग करायचं काय?

पहिला उपाय फुकटचा आहे. मध्यम लहरींच्या सेटमधली फेराइटची कांडी आडवी, सेटच्या लांबीच्या दिशेने असते. कांडीची बाजू ज्या दिशेकडे, तिकडून लहर उत्तम येते. कांडीचं टोक ज्या दिशेकडे, तिकडून जवळजवळ काहीच येत नाही. बहुतेक जण स्टेशन जास्तीत जास्त मोठं होईल असा सेट फिरवतात. त्यापेक्षा खरखर कमीत कमी होईल असा फिरवा. स्टेशन थोडं बारीक झालं तरी चालेल, आवाजाचं बटण त्यासाठीच आहे.

दुसरा उपाय पट्टा अरुंद करण्याचा. काही सेटवर 'वाइड–नॅरो' असं बटण असतं. नॅरोवर गाणं थोडं बोदलं लागेल, पण बातम्या स्पष्ट होतील.

तिसरा उपाय वेळेचा. खरखर बेशिस्त असल्यामुळे ती सरासरीत विरते, संदेश विरत नाही. खरखर निम्मी करायची तर चौपट वेळ ऐकावं लागतं. रेडिओ दुर्बिणी एकाच तुकड्याकडे तासन्‌तास पाहत राहतात ते यासाठी. एका मिनिटाऐवजी एक तास ऐकलं तर स्रोत पावणेआठ पट ठळक होतो. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, हीच युक्ती वापरतात. स्पंदक ताऱ्यांवरच्या कामासाठी १९९३ साली नोबेल मिळवणारे जो टेलर हे स्वतः हॅम. स्टीव्हन फ्रँक यांच्यासह त्यांनी २०१७ साली एफटी८ ही संदेशपद्धत आणली. तिच्यात फक्त काही अक्षरांचा संदेश १५ सेकंदांच्या खेपेत, ५० हर्ट्झच्या अरुंद पट्टीत पाठवतात. नेहमीच्या २५०० हर्ट्झच्या पट्ट्यात जेवढी खरखर असते, तिच्या सव्वाशेव्या भागाइतका संदेश असला तरी संगणक तो वाचतो. कानाला तिथे खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. बातम्या किंवा गाणी मात्र अशी पाठवता येत नाहीत. संथ आणि थोडं बोलण्याची किंमत देऊनच हे साधतं.

एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३३ साली पेटंट घेतलेलं एफएम याच्या उलट वाटेने गेलं. पट्टा रुंद केला, पण आवाज लहरीच्या उंचीत न भरता तिच्या कंप्रतेत भरला. ठिणग्या आणि विजा मुख्यतः उंची बिघडवतात, ती सेटमध्ये सरळ छाटून टाकता येते. लहर पुरेशी जोरदार असेल तर आवाज झळझळीत येतो. लहर एका मर्यादेखाली गेली की मात्र तो एकदम कोसळतो.

आणि चौथा उपाय खरखर जन्मते तिथेच थांबवण्याचा. वर सांगितलेल्या बटणांच्या खेळात घरातला एखादा दिवा किंवा चार्जर सापडला, तर तो बदला. स्वस्तातला दिवा पुन्हा घेण्यापूर्वी तो दुकानातच लावून पाहा, शेजारी सेलवरचा ट्रान्झिस्टर धरा. दुकानदार चकित होईल, पण नाही म्हणणार नाही. घर्रर्र बाहेरून येत असेल तर ट्रान्झिस्टर घेऊन रस्त्याने चालत जा. ज्या खांबापाशी आवाज सर्वांत मोठा होईल, तिथे बहुधा तडकलेलं किंवा घाणीने माखलेलं चिनीमातीचं इन्सुलेटर, नाहीतर सैल झालेला जोड असतो. अशी ठिणगी रेडिओ बिघडवते, वीज वाया घालवते, आणि एखाद्या पावसाळी रात्री अख्ख्या गल्लीचा पुरवठा तोडू शकते. खांबाला हात लावू नका. त्यावरचा क्रमांक टिपून घ्या आणि वीज कार्यालयात लेखी कळवा.